मदत हवी: वडिलांना माऊस शिकवायचाय, डबल-क्लिक काही केल्या जमत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले, घरी कपाशी. नाना साठी ओलांडलेले, पण वेचणी, फवारणी, मजुरीचा हिशोब आता कॉम्प्युटरवर ठेवायचा हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. मोबाईल सफाईने वापरतात. माऊस हातात आला की मात्र दोन क्लिकच्या मध्ये हात हलतो आणि आयकॉन भलतीकडे ओढला जातो. बाण दिसेनासा झाला की "कथा गया हाऊ बाण?" म्हणून हाका मारतात. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की तिथेच थांबतात. मी हात धरून शिकवलेलं त्यांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांचं त्यांना यावं म्हणून सुरुवात कुठून करू?

उत्तर १
ताई, डबल-क्लिक सध्या सोडूनच द्या. आयकॉनवर एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी तो उघडतो. एक्सेलच्या चौकटीत तर एका क्लिकनंतर थेट आकडा लिहिता येतो, म्हणजे नानांचं काम अडत नाही. नंतर शिकवायचंच झालं तर कंट्रोल पॅनलमध्ये माऊस उघडा आणि डबल-क्लिक स्पीड कमी करा. तिथेच पॉइंटर ऑप्शन्समध्ये कंट्रोल बटण दाबल्यावर बाणाची जागा दाखवणारा पर्याय असतो, तो आजच सुरू करा. क्लिक करताना मनगट टेबलावर टेकलेलं हवं, हलवायचं फक्त बोट.

उत्तर २
कडेला अडतात त्याचं कारण त्यांना एकदा नीट सांगा. माऊसच्या पोटातला दिवा खाली उजेड पाडतो आणि त्याच्याजवळचा कॅमेऱ्यासारखा सेन्सर खालचा पृष्ठभाग सरकताना टिपतो. उचलला की टिपायला काही नसतं, म्हणून बाण जागीच राहतो. उचला, मध्ये आणा, पुन्हा सरकवा. टेबल काचेचं असेल तर खाली वही ठेवा. बाणाचा वेग फार कमी करू नका, नाहीतर कड आणखी लवकर येईल.

नानांना पत्ते आवडतात का? १९९० च्या विंडोज ३.० मध्ये सॉलिटेअर होता आणि पानं ओढता ओढता लोकांचा माऊसवर हात बसला. हिशोबाआधी रोज थोडा वेळ तो खेळू द्या. चुकलं तरी नुकसान नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. टेबल काचेचंच आहे! एंटरची युक्ती नानांना लगेच पटली. उजवं बटण कधी दाखवू?

उत्तर १
डावं न बघता दाबायला लागले की. तोवर त्याचं नावही काढू नका.