'रिमिशन'ला मराठीत काय म्हणायचं? मुक्ती, उतार की आणखी काही?

बाळीवेस
मंडळी, एका शब्दावर घोडं अडलंय. जुळे सोलापुरातल्या एका मधुमेहतज्ज्ञांसाठी रुग्णपुस्तिका मराठीत करते आहे. गेल्या काही वर्षांतलं संशोधन साध्या भाषेत सांगायचंय. त्यात 'रिमिशन', म्हणजे औषधं बंद करूनही साखर आटोक्यात राहण्याची स्थिती, पानोपानी येतं. आधीच्या अनुवादकाने सगळीकडे 'मधुमेहमुक्ती' केलं होतं, ते डॉक्टरांनी लाल पेनाने खोडून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, 'मुक्ती' वाचलं की माणूस पुन्हा तपासायला येत नाही.

मला ते पटतं. माझ्या मावशीने एका शिबिरात जाऊन वजन उतरवलं, गोळ्या सुटल्या, 'मधुमेहमुक्त' असं प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. त्यानंतर ना साखर तपासली ना डोळे दाखवले. अंगठ्याची जखम भरेना तेव्हा परत दवाखाना.

मूळ मजकुरात स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधला 'डायरेक्ट' अभ्यास आहे. ३०६ जण घेतले होते, सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन नसलेले. निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींच्या सूप-शेकवर ठेवलं. वर्षाने त्यांतले ४६ टक्के रिमिशनमध्ये होते, नेहमीच्या उपचारांतले फक्त ४ टक्के. दोन वर्षांनी मात्र ४६ चे ३६ झाले. मुक्त झालेला माणूस पुन्हा बांधला जातो का? म्हणून मुक्ती नकोच.

माझ्या मनात 'उतार' आहे. आजी म्हणायची, 'तापाला उतार पडला.' आमच्या घरातून आक्षेप आला की उतार तापाला पडतो, साखरेला नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

चाटीगल्ली
ताई, 'उपशम' घ्या. नेमका आहे, समासात बसतो: मधुमेहोपशम, संधिवातोपशम. शास्त्राला स्वतःचा शब्द लागतो. 'उतार' घाटालाही असतो, वयालाही असतो आणि बाजारभावालाही. एका शब्दाने इतकी कामं केली की व्याख्या कशी टिकणार? २०२१ साली अमेरिका, युरोप आणि ब्रिटनच्या मधुमेह संस्थांनी मिळून रिमिशनची व्याख्या ठरवली: साखरेची औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली. इतकी काटेकोर गोष्ट 'उतार'च्या पदरात घालू नका. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्दही पहिल्यांदा कानाला परकेच वाटले असतील. आज कोण अडखळतं?

पूर्वभाग
साहेब, 'मधुमेहोपशम' आमच्या कारखान्यात कोण वाचणार? मागावर उभं राहणाऱ्या माणसासाठी पुस्तिका आहे ना? आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी. तेलुगूत 'तग्गिंदी' म्हणजे कमी आलं आणि 'नयमयिंदी' म्हणजे बरं झालं. आत्ताच आईला विचारलं, गोळ्या बंद झाल्या, साखर नीट आहे, तर काय म्हणशील? क्षणाचाही विचार न करता 'तग्गिंदी'. म्हटलं, नयमयिंदी का नाही? तर म्हणाली, शुगर कुठं नयं होती का, ती बसून राहते.
आईने शाळा पाहिलेली नाही आणि तिला हा फरक कळतो. मराठीत 'कमी आलं' आणि 'बरं झालं' हाच फरक दाखवतात. तेच वापरा की.

बाळीवेस
पूर्वभाग, आईंना नमस्कार सांगा, 'बसून राहते' फारच नेमकं आहे. अडचण अशी की मला नाम हवंय. तक्त्याच्या डोक्यावर 'कमी आलेले रुग्ण' लिहिलं तर रुग्णसंख्या घटली असा अर्थ होईल.

अक्कलकोटकर
आमच्याकडे कानडीत 'ज्वर इळीतु' म्हणतात, इळी म्हणजे उतरणे. म्हणजे कानडी काय, मराठी काय, ताप वरून खालीच येतो. त्यामुळे 'उतार'ला माझं मत. पण ताई, एक धोका सांगतो. 'उतार' लिहाल आणि लोक 'उतारा' वाचतील. चौकात लिंबू-भात ठेवतात तो उतारा, विषावर देतात तो उतारा, तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा. 'मधुमेहावर उतारा' झालं की भोंदूंच्या जाहिरातीत आणि तुमच्या पुस्तिकेत फरक राहणार नाही. छापणाऱ्याला एक काना नीट बघायला सांगा.

रक्तपेशी
मी रक्तविकाराच्या वॉर्डात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुमच्याकडे या शब्दाने एक प्रमाणपत्र दिलं, आमच्याकडे मूल जातं.

मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगात पहिला टप्पा साधारण महिन्याभराचा. मग बोनमॅरो तपासतो. कर्कपेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या आणि रक्तपेशींचं प्रमाण सुधारलं की 'रिमिशन' म्हणतो. पण तिथून पुढे दोन-अडीच वर्षं औषधं चालू ठेवावीच लागतात. मूल खेळायला लागलेलं असतं, केस परत आलेले असतात. बाप विचारतो, 'मॅडम, रिपोर्ट चांगला आलाय ना, मग कशाला सुया?' त्याला मी 'रोग गेला' म्हटलं तर तो पुढच्या तारखेला येणार नाही. 'रोग आहे' म्हटलं तर घरी रडारड. मी म्हणते, 'आता मशिनला दिसत नाही इतका कमी झालाय. दिसत नाही म्हणून सोडायचा नाही.' हे वाक्य मी रोज बोलते. त्याला एक शब्द मिळाला तर मलाही हवाय.

आणि प्रत्येक शाखेचं रिमिशन वेगळं, हेही लक्षात घ्या. नैराश्यात हॅमिल्टन मापपट्टीवर सात किंवा त्याखाली गुण आले की रिमिशन धरतात. संधिवातात सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्तातली सूज आणि रुग्णाचं स्वतःचं मत, हे सगळं मोजतात. जर्मनीत एरलांगेनला ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांना त्यांच्याच पेशी बदलून परत दिल्या, त्याचे २०२२ मध्ये पाच रुग्णांचे निष्कर्ष आले. पाचही जण औषधांशिवाय रिमिशनमध्ये. अशा सगळ्या ठिकाणी चालेल असा शब्द काढा, नुसत्या साखरेपुरता नको.

कॉपीडेस्क
मथळ्यात काय बसतं तेही बघा. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधून डोस्टारलिमॅबची बातमी आली. गुदाशयाच्या कर्करोगाचे बारा रुग्ण, विशिष्ट जनुकीय दोष असलेले, सहा महिने औषध, आणि बाराही जणांत तपासणीत गाठ दिसेनाशी. संशोधकांनी 'क्लिनिकल कम्प्लीट रिस्पॉन्स' असं जपून लिहिलं होतं. जगभर मथळे 'कॅन्सर गायब' असे झाले. मला दोन कॉलमांत 'वैद्यकीय तपासणीपुरता संपूर्ण प्रतिसाद' बसवता येत नाही. 'मुक्त' हा शब्द लोकांना कळतो, त्यांना उमेद देतो. उमेद ही काही वाईट गोष्ट नाही.

रक्तपेशी
उमेद हवीच, पण खोटी झाली की तिचा हिशोब वॉर्डात चुकता होतो. तो दोष कर्करोगाच्या थोड्याच रुग्णांत असतो. मथळा वाचून ज्यांना तो नाही तेही चालू किमो सोडून ते इंजेक्शन विचारत आले. शब्द जपून वापरणं जमतं, याचं उदाहरण एचआयव्हीत आहे. मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या लंडनच्या रुग्णाबद्दल २०१९ मध्ये संशोधकांनी लिहिलं तेव्हा त्याची औषधं थांबून अठरा महिने झाले होते आणि विषाणू परतला नव्हता. तरी शीर्षकात 'रिमिशन'च. पुढच्या वर्षी, तीस महिने झाल्यावर, 'क्युअर' शब्द वापरला. एका शब्दावरून दुसऱ्यावर जायला त्यांनी वर्षभर थांबून पाहिलं. आपल्याकडे हे दोन्ही शब्द 'बरा झाला' एवढ्यातच संपतात.

वैद्यबुवा
संपत नाहीत. आयुर्वेदात व्याधी साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे सांगितले आहेत. 'याप्य' म्हणजे पथ्य आणि औषध चालू आहे तोवर आटोक्यात, सोडलं की पुन्हा डोकं वर काढणारा. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगताना कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य आणि वाताचे चार असाध्य म्हटले आहेत. मधुमेहासाठी यापेक्षा जवळचा शब्द कुठे शोधता?

चाटीगल्ली
वैद्यबुवा, आदराने सांगतो, 'याप्य' हे रोगाचं विशेषण. रिमिशन ही रोग्याची आजची स्थिती. शिवाय व्याख्येतच औषध थांबवून तीन महिने अशी अट आहे आणि तुमचा याप्य औषधावर टिकतो. म्हणजे अगदी उलट झालं.

वैद्यबुवा
औषध थांबतं, पथ्य थांबत नाही. वजन परत वाढलं की साखर परत येते, हे त्याच अभ्यासात दिसतं. मी माझ्या शब्दावर ठाम आहे.

कोर्टाची पायरी
वकिली बाजूने. 'रिमिशन' आमच्याकडे रोजचं. कैद्याच्या शिक्षेत 'सूट'. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ४३२, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७३. महसुलातही आहे. आपला जिल्हा अवर्षणाचा, त्यामुळे जुन्या लोकांना हे शब्द पाठ असतात: पीक बुडालं की सारा आधी 'तहकूब' होई, आणि फारच वाईट वर्ष असेल तर 'माफ'. तहकूब म्हणजे आज मागणार नाही, पण खात्यावर आहे. माफ म्हणजे वहीतून गेला. इंग्रजी महसुली भाषेत माफीला रिमिशन म्हणत. तुमच्या डॉक्टरांचं रिमिशन मात्र तहकुबीसारखं आहे. त्यामुळे शब्दकोशातून 'सूट' किंवा 'माफी' उचललीत तर पुन्हा 'मुक्ती'वरच याल.

पूर्वभाग
'साखर तहकूब.' वकीलसाहेब, हे वडिलांना वाचून दाखवलं, लगेच कळलं. म्हणाले, म्हणजे वसुली येणार.

मंद्रूपची माई
मी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून लागले, आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे एका टोकाकडूनच बघताय. उतार पडला, बरं. मग परत आला तर? त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: उलटला. 'टायफॉइड उलटला.' ताप निघून पाच-सात दिवस झाले, पोरगं भाकरी खायला लागलं, आणि परत फणफणलं की आया दारातूनच सांगायच्या, 'बाई, उलटला.' त्यांना समजावावं लागत नसे. उतार पडलेला ताप उलटू शकतो हे त्या शब्दातच धरलेलं होतं. म्हणून तर उतार पडल्यावरही पेज आणि मऊ भात चालू ठेवायच्या.
'मुक्ती' उलटत नाही. 'उपशम' उलटतो असं कधी ऐकलं नाही. 'उतार' घ्या म्हणजे 'उलटणे' आपोआप बरोबर येतं. जोडी आहे ती.

रक्तपेशी
माई, हे उद्यापासून वापरते. 'उतार पडलाय, उलटू द्यायचा नाही.' आणि किती खरं आहे बघा: बर्लिनचा रुग्ण म्हणून ओळखला गेलेला टिमथी रे ब्राऊन एचआयव्हीतून कायमचा बरा झाला, विषाणू शेवटपर्यंत परतला नाही. पण २०२० मध्ये तो गेला, कारण त्याचा रक्ताचा कर्करोग उलटला. एकाच शरीरात दोन आजार, आणि दोघांना दोन वेगळे शब्द लागतात.

चाटीगल्ली
माईंचा मुद्दा मोठा आहे, मान्य. पण 'उलटला' नाव कुणाचं घेतो? टायफॉइडचं. दहा वर्षांनी परतलेल्या स्तनांच्या कर्करोगाला 'उलटला' म्हणाल? 'पुनरुद्भव' लागेलच.

मंद्रूपची माई
म्हणतात. आमच्या गावात म्हणतात.

वैद्यबुवा
रक्तकर्करोगाचं निघालंच आहे तर सांगतो. त्याच्या एका प्रकारात आज सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, वापरतात. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी सुरू केलं. आमच्या रसशास्त्रातलं गौरीपाषाण ते हेच.

रक्तपेशी
खरं आहे. प्रोमायलोसायटिक प्रकार, एपीएल. इटली-जर्मनीच्या २०१३ च्या अभ्यासात कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांना किमो न देता आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध दिलं. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण रोग न उलटता जिवंत होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही नुसत्या आर्सेनिकवर चांगलं काम केलंय. पण ते शिरेतून, मोजून, हृदयाचा आलेख काढत देतात. कुणी घरी सोमल शोधू नका, कृपा करून.

अक्कलकोटकर
सोमलावरून आठवलं. हरताळही आर्सेनिकचाच ना? पिवळा. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासत, त्यावरून 'हरताळ फासणे'. मग संपाला हरताळ का म्हणतात? कामावर पिवळा रंग फासला म्हणून?

कोर्टाची पायरी
नाही हो. तो वेगळा शब्द. गुजराती 'हडताळ', हट्ट म्हणजे बाजार आणि ताळ म्हणजे कुलूप. दुकानांना कुलूप.

अक्कलकोटकर
आजोबा जुन्या गिरणीत होते. ५ मे १९३० ला गांधीजींना पकडल्यावर सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, पुढे मार्शल लॉ लागला. ते नेहमी 'हरताळ पाडला' म्हणत, 'हडताळ' कधीच नाही. आणि 'पाडला' म्हणत, 'केला' नाही. गुजरातीतून आला असता तर 'ड' कुठे गेला?

चाटीगल्ली
पोथीतला हरताळ आधीच घरात होता, त्याच्या वळणावर हा गेला. 'पाडणे' मात्र तपासायला हवं. 'खंड पाडणे'चा प्रभाव असेल.

बाळीवेस
हरताळासाठी वेगळा धागा काढा ना कुणीतरी, मलाही वाचायचाय. माझं सांगते: डॉक्टरांना 'उतार' आणि माईंचं 'उलटणे' दोन्ही ऐकवलं. 'उलटणे' लगेच घेतलं. 'उतार'वर म्हणाले, पहिल्या पानावर 'मधुमेहाला उतार पडणे' असं पूर्ण लिहा आणि खाली व्याख्या द्या, तक्त्यात 'रिमिशन'च राहू दे. मला तक्त्यातलं 'रिमिशन' खटकतंय.

चाटीगल्ली
तक्त्यात 'उपशम' बसतो. चारच अक्षरं.

पूर्वभाग
'उतार' तर तीनच आहेत, साहेब.

कॉपीडेस्क
अक्कलकोटकर, १९३० च्या आसपास वर्तमानपत्रांत 'हरताळ पाळला' छापायचे असं वाटतं, 'पाडला' नाही. आजोबा 'पाळला' म्हणत असतील आणि तुम्ही 'पाडला' ऐकलं असेल, असं तर नाही?

अक्कलकोटकर
नाही हो साहेब. आजोबा 'ळ' चांगला म्हणायचे, घरात कानडी होती.