चामडी बुटांना घरगुती चरबी आणि मेण : आपले अनुभव लिहा

पावसात, चिखलात आणि बर्फात चामडी बूट वापरणारे अनेक जण विकतच्या मलमाऐवजी घरी कढवलेली चरबी व मधमाश्यांचे मेण एकत्र करून लावतात. या मिश्रणाची प्रमाणे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. परंतु ते लावल्यानंतर काही महिन्यांनी बुटाची अवस्था काय होती, हे फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. चरबी कोणत्या प्राण्याची होती, ती कशी शुद्ध केली, मेण किती घातले, चामडे कोणत्या प्रकारचे होते आणि पाणी आत आलेच असेल तर नेमके कुठून आले, एवढा तपशील अवश्य द्यावा.

माझे मत आधीच नोंदवतो. चरबी असते ती चामड्यासाठी आणि मेण असते ते पाण्यासाठी, आणि बहुतेक तक्रारी या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे निर्माण होतात. चामडे हे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची दाट गुंफण असते. वारंवार भिजण्या-वाळण्याने तंतूंमधली स्निग्धता कमी झाली, की ते एकमेकांवर सहज सरकेनासे होतात आणि बूट जिथे दुमडतो तिथे तडे जातात. ही उणीव चरबी भरून काढते. मेण मात्र मुख्यतः पृष्ठभागाजवळच राहते आणि पाण्याच्या थेंबाला आत शिरू देत नाही.

चरबी घरीच कढवणाऱ्या एका सदस्या लिहितात :

मी मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी वापरते, कारण ती शरीरातल्या इतर चरबीपेक्षा घट्ट असते आणि तिच्यात मांसाचे धागे कमी असतात. तिचे अगदी बारीक तुकडे करून, रक्त आणि मांसाचा अंश काढून टाकून, भरपूर पाण्यात मंद आचेवर ठेवते. चरबी पाण्यासह कढवली की करपत नाही. वितळलेली चरबी कापडातून गाळून थंड होऊ दिली, की वर घट्ट थर जमतो आणि खाली पाणी राहते. त्या थराच्या खालच्या बाजूला करड्या रंगाचा लिबलिबीत गाळ चिकटलेला असतो. घरगुती चरबीला वास येण्याचे मूळ बहुतेक वेळा याच गाळात असते, म्हणून तो सुरीने खरवडून काढते आणि चरबी पुन्हा स्वच्छ पाण्यात वितळवते. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहते. काही जण पहिल्या पाण्यात मीठ घालतात. त्याला माझी हरकत नाही, पण नंतर बिनमिठाच्या पाण्यात धुणे होणे आवश्यक आहे, कारण मीठ चामड्यात जाऊन उपयोगाचे नाही.

शेवटचा टप्पा बरेच जण वगळतात. पाणी काढून टाकल्यावर चरबी एकदा कोरडीच मंद आचेवर ठेवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. पाण्याचा अंश राहिला, तर डब्यातच बुरशी धरते. डुकराची चरबीही मी वापरून पाहिली आहे. ती हाताळायला मऊ आहे, परंतु तिच्यात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती लवकर खवट होते. मिश्रण झाकण घट्ट लावून अंधारात ठेवल्यास खवटपणा लांबतो.

मधमाश्या पाळणारे एक सदस्य :

माझ्याकडे मेणाची कमतरता नाही, त्यामुळे सढळ हाताने मेण घालण्याचा मोह मला नेहमीच होतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर मेंढीची किंवा गुरांची चरबी साधारण ४० ते ५० अंशांच्या दरम्यान. मेण वाढवत गेले की मिश्रण कडक होते, उन्हात चिकचिकत नाही, पण कडाक्याच्या थंडीत दुमडीवर त्याचा थर तडकतो आणि नेमक्या त्या चिरेतून पाणी शिरते. थंड हवेत मी वजनाने तीन भाग चरबीला एक भाग मेण घेतो आणि उष्ण हवेत दोन भागांना एक. याहून अधिक मेण घालण्यात मला अर्थ दिसत नाही. मिश्रणाचा थेंब थंड बशीवर टाकून तो गोठल्यावर अंगठ्याने दाबून पाहावा. तो भुगा न होता पसरला पाहिजे.

मेण मात्र गाळलेले असावे. पोळ्यातला राळेसारखा चिकट पदार्थ त्यात राहिला, तर बुटावर धूळ बसते ती निघत नाही. आणखी एक सूचना : हे सारे गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवावे, थेट ज्योतीवर नव्हे. चरबीने पेट घेतलाच तर तिच्यावर पाणी मुळीच ओतू नये; झाकण ठेवून आच बंद करावी. मिश्रण पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन घालायचे असेल, तर ते भांडे आचेपासून दूर नेल्यानंतरच घालावे.

चामड्याचे काम करणारे एक सदस्य :

वरील दोन्ही अनुभव मला पटतात. परंतु मिश्रण कसे केले, यापेक्षा ते कसे लावले यावर बुटाचे आयुष्य अधिक अवलंबून असते, असे माझे निरीक्षण आहे. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या बुटांपैकी काहींचे चामडे आक्रसून टणक झालेले असते, आणि त्यांच्या मालकांनी ते चरबी ‘नीट मुरावी’ म्हणून भट्टीत किंवा शेकोटीजवळ ठेवलेले असतात. झाडांच्या साली वापरून कमावलेले चामडे ओले असताना ७० ते ८५ अंशांच्या आसपास आक्रसू लागते. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे बरेच अधिक तापमान सहन करते. वाळलेले चामडे दोन्ही प्रकारांत अधिक सोशीक असते, पण बुटाच्या आतली ओल बाहेरून दिसत नाही. आक्रसलेले चामडे कोणत्याही तेलाने पूर्ववत होत नाही. म्हणून मिश्रण हाताच्या उबेने मऊ होईल असेच करावे आणि बोटांनी चोळावे. बूट कोमट वाटेल एवढी ऊब पुष्कळ झाली.

बूट पूर्ण कोरडा असावा की किंचित दमट, यावर नेहमी वाद होतो. जुन्या पद्धतीत कमावलेल्या ओलसर चामड्यावर चरबी आणि कॉड माशाच्या तेलाचे मिश्रण फासत असत. पाणी उडून जाताना त्याची जागा तेल घेत असे. त्यामुळे नुसती चरबी किंवा तेल द्यायचे असेल, तर किंचित दमट चामडे चांगलेच. मेण असलेले मिश्रण मात्र कोरड्या बुटालाच लावावे, कारण मेणाच्या थराखाली अडकलेली ओल बुरशीला आमंत्रण देते. मी स्वतः आधी नुसती चरबी पातळ लावतो, रात्रभर मुरू देतो, उरलेली पुसून टाकतो आणि मग मेणाचा हात फिरवतो. खूप थापल्याने अधिक संरक्षण मिळते, हा समज सोडून द्यावा. अतिरिक्त चरबीने चामडे लिबलिबीत होते आणि घोट्याजवळचा आधार जातो.

एक छोटी नोंद :

चरबी लावलेले बूट रात्री बाहेर ठेवू नयेत. आमच्या कुत्र्याने एका बुटाची जीभ चघळून संपवली. उंदरांनाही हा वास आवडतो. मेण अधिक असलेल्या मिश्रणाला तो त्रास कमी होतो, असे वाटते.

डोंगरात भटकणाऱ्या एका सदस्या :

पाणी कुठून येते, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : शिवणीतून. चामड्याचा सपाट भाग सहसा गळत नाही. सुईची भोके, जीभ जिथे जोडलेली असते तो कोपरा आणि तळवा जिथे वरच्या भागाला मिळतो ती कड, या तीन जागा गळतात. तिथे मी मिश्रण जुन्या दात घासण्याच्या ब्रशने टाक्यांत शिरेपर्यंत घासते आणि बाकी बुटावर केवळ फडके फिरवते. ज्यांचे तळवे शिवलेले नसून चिकटवलेले आहेत, त्यांनी कडेवर हात आखडता घ्यावा. चरबीने काही प्रकारचा गोंद मऊ पडतो आणि नैसर्गिक रबरही तेल शोषून फुगते.

लव असलेल्या चामड्याला हे मिश्रण लावू नये. लव बसून जाते आणि रंग कायमचा गडद होतो. आतून जलरोधक पडदा असलेल्या बुटांतही त्याचा फायदा नाही. बाहेरचे चामडे चरबीने भरले की घामाची वाफ बाहेर पडत नाही, पाय आतूनच ओला होतो आणि वापरणाऱ्याला वाटते की बूट गळतो आहे.

धागाकर्ता :

या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. थंडीत ठेवलेल्या बुटांवर पांढरी साय दिसते, तिचे काय करावे? अनेक जण ती बुरशी समजून बूट धुऊन काढतात.

चामड्याचे काम करणारे सदस्य :

केस वाळवण्याच्या यंत्राची सौम्य हवा त्यावर सोडावी. ती साय वितळून चामड्यात शिरली, तर ती चरबीतली घट्ट मेदाम्ले आहेत. थंडीत ती पृष्ठभागावर स्फटिकरूपात येतात. त्याने चामड्याचे नुकसान होत नाही, फडक्याने चोळले की पुरे. हवेने तिच्यात काही फरक पडला नाही आणि तिला कोंदट वास येत असेल, तर ती बुरशी समजावी. असा बूट इतरांपासून वेगळा ठेवून, कोरड्या ब्रशने मोकळ्या हवेत झाडून पूर्ण वाळवावा आणि त्यानंतरच पुन्हा चरबी द्यावी. साय वारंवार येत असेल, तर पुढच्या वेळी घट्ट चरबीचा काही भाग कमी करून गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल घालावे. ते थंडीतही पातळ राहते. जवसाचे तेल मात्र घालू नये, कारण ते वाळून कडक होते आणि चामडे त्याबरोबर ताठरते.