'ट्रिप्टामाइन'मधला 'ट्रिप' कोणता?

मुलुंडहून प्रश्न
विज्ञानावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. 'ट्रिप्टामाइन' हा शब्द त्यात सारखा येतो. भाचा म्हणाला, "मावशी, यातला ट्रिप म्हणजे नशेतली ट्रिप." म्हणून मी 'नशाद्रव्य' लिहिलं. पुढे तोच शब्द झोपेबद्दल आला, मग आतड्याबद्दल आला, आणि माझं वाक्यच बसेना. योग्य मराठी शब्द कोणता?

उत्तर
ताई, 'नशाद्रव्य' आधी खोडा. भाच्याचा समज होणं साहजिक आहे, कारण नशा आणणाऱ्या मॅजिक मशरूममधलं सिलोसायबिन याच कुळातलं. पण नावातला 'ट्रिप्ट' आला पचनातून. स्वादुपिंडाचं ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं, त्या तोडणीत जे दिसून आलं ते ट्रिप्टोफॅन. शेवटचा 'फॅन' ग्रीक, अर्थ 'दिसणं'. हॉपकिन्स आणि कोल यांनी १९०१ मध्ये दुधातल्या केसीन या प्रथिनापासून ते वेगळं काढलं.

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांच्या विटांपैकी एक. त्याचा आम्लगट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला की उरतं ट्रिप्टामाइन. म्हणजे हे नाव गुणाचं नाही, घडणीचं आहे: इंडोलचं जोडवलय, म्हणजे अणूंची एकमेकांना चिकटलेली दोन कडी, त्याला दोन कार्बनची शेपटी आणि टोकाला नायट्रोजन.

'इंडोल' शब्दावर तर माझा जीव आहे, त्यात नीळ दडली आहे. ग्रीकांच्या लेखी नीळ म्हणजे 'भारतातली' वस्तू, त्यावरून इंडिगो. बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीचा माग काढत १८६६ मध्ये इंडोल मिळवलं. दादरच्या फूलबाजारात मोगऱ्याच्या पाटीशी जो दाट, जरा जडच वास येतो, त्यातही इंडोल असतं.

गोरेगावहून
पेपरात सेरोटोनिनला 'आनंदाचं संप्रेरक' लिहितात. चालेल?

उत्तर
मला ते खटकतं. सेरोटोनिन म्हणजे हायड्रॉक्सिल गट लागलेलं ट्रिप्टामाइन. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं, आतड्याची हालचाल सांभाळतं. नावातही आनंद नाही. १९४८ मध्ये ते रक्तद्रवातून, म्हणजे सीरममधून मिळालं आणि रक्तवाहिन्या आवळतं असं दिसलं, म्हणून सीरम आणि टोन जोडून नाव पडलं. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण खाल्लेलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. 'आनंदाचं' म्हटलं की वाचक नेमका केळ्याकडे वळतो.

मेलाटोनिनचंही तसंच, तेही ट्रिप्टामाइनच्याच कुळातलं. 'झोपेचं संप्रेरक' माणसापुरतं खपून जातं. पण उंदीर रात्रभर जागा असतो, तरी त्याचं मेलाटोनिन रात्रीच वाढतं. ते शरीराला अंधार झाल्याचं कळवतं. मी 'अंधाराचं संप्रेरक' लिहितो आणि तेच लिहावं असं मनापासून वाटतं.

शिवडीहून
आपल्याकडच्या औषधांत हे ट्रिप्टामाइनचं कूळ कुठे सापडतं?

उत्तर
तुमच्या शेजारी, परळला! केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं झालं. हे रेसर्पिन घडवताना झाड सुरुवात करतं ती ट्रिप्टामाइनपासून. माणसाच्या शरीरात मात्र तेच रेसर्पिन चेतापेशींमधले सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या निरोप्या रसायनांचे साठे रिकामे करतं. एकाच कुळातला एक रेणू दुसऱ्याचं कोठार उपसतो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. गॅलरीतल्या कुंडीतली सदाफुलीसुद्धा ट्रिप्टामाइनपासूनच सुरुवात करते. तिच्यातली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन कर्करोगावर वापरतात.

म्हणून ताई, नवा शब्द घडवू नका. 'ट्रिप्टामाइन' तसाच ठेवा. मशरूम, मेंदू, मुळी आणि सदाफुली यांचं नातं त्या एका शब्दामुळेच दिसतं.

मुलुंडहून
बदललं: 'सेरोटोनिन, मेलाटोनिन आणि सिलोसायबिन ही तिन्ही ट्रिप्टामाइन वर्गीय संयुगं आहेत, परिणाम मात्र प्रत्येकाचा वेगळा.' बरोबर?

उत्तर
बरोबर. फक्त 'ट्रिप्टामाइनवर्गीय' जोडून लिहा.