मदत हवी आहे: म्हशीला पान्ह्याच्या सुईची सवय लागली आहे, आणि बाळंतीण बहिणीच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात. घरी चार म्हशी, धारा मी आणि आई काढतो. दोन गोष्टी विचारायच्यात. वेगवेगळ्या वाटतील, पण आमच्या घरात त्या एकमेकींत गुंतून बसल्यात.

चंद्रीचं रेडकू दीड महिन्यापूर्वी गेलं. त्या दिवसापासून तिनं पान्हा चोरला. कासेला हात लावला की लाथ. रतीब तुटायला लागला तसं कुणीतरी एका माणसाला घेऊन आलं. बिनलेबलच्या बाटलीतलं औषध, धारेच्या आधी टोचायचं. थोड्याच वेळात सड तटतटले, चरवीत धार वाजली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता महिना झाला, सकाळ-संध्याकाळ सुई. परवा औषध संपलेलं, तर अर्धा तास बसून चरवीचा तळ भिजला नाही. आणि सिरिंज दिसली की तिच्या मानेपासून पाठीपर्यंत कातडी थरथरत जाते. मला ते बघवत नाही.

औषध ऑक्सिटोसिनच असणार म्हणून मी थोडं वाचलं. हे संप्रेरक (हार्मोन) मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात येतं. रेडकू ढुसण्या देतं ती जाणीव मेंदूत पोचते, तिथून हे संप्रेरक रक्तातून कासेत येतं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळून दूध खाली ढकलतं. रेडकाचा आवाज, चरवीचा खणखणाट, एवढ्यावरही ते सुटतं. भीती वाटली की अॅड्रेनॅलिन त्याला अडवतं. म्हणजे आमची आजी "पान्हा मनातनं येतोय" म्हणायची ते अगदी खरं होतं. मग रोज सुईनंच भीती घालायची आणि सुईनंच पान्हा आणायचा, हे कुठवर? ही सवय कशी मोडायची?

आता दुसरं. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. पहिलटकरीण. कळा येईनात म्हणून तिला सलाईनमधून हेच औषध दिलं होतं. बाळ आज बारा दिवसांचं. अंगावर दूध आहे, बाळ पितंय. पण मी चंद्रीला टोचत होते तेव्हा ही गोठ्याच्या दारात उभी होती. रात्री म्हणाली, "अक्का, मला पण सुईनंच कळा आणल्या. बाळाला बघून सगळ्यांना भरून येतंय, मला काहीच होत नाही. माझं पण चंद्रीसारखं झालंय काय गं?"

पाजताना ती बाळाकडं न बघता भिंतीकडं बघत बसते. तिच्या नवऱ्यानं मोबाईलवर 'प्रेमाचं हार्मोन' म्हणून ऑक्सिटोसिनचाच नाकात मारायचा स्प्रे शोधलाय, मागवू का म्हणतोय. शिवाय सुईचं दूध नको म्हणून तिनं घरचं दूधच सोडलंय. कृपा करून माहीतगारांनी सांगा.

प्रतिसाद (निवृत्त, गुरांचा दवाखाना)

ताई, म्हशीच्या कासेत सडाजवळ दूध फार थोडं साठतं, बहुतेक सगळं वरच अडकलेलं असतं. म्हणून गाय पान्हा न सोडता थोडंफार देते, म्हैस जवळजवळ काहीच देत नाही. ती बाटली आधी बंद करा. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं काही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. पण दूध कासेत तुंबलं तर दगडी (कासेचा दाह) होईल, म्हणून उद्याच डॉक्टरांना कास दाखवा. 1962 या नंबरवर फोन केला तर गुरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक मिळतं.

धारेला एकाच माणसानं, एकाच वेळी बसायचं. आंबोण आधी न घालता धारेच्या वेळीच पुढ्यात ठेवा, खाताना पान्हा लवकर सुटतो. कोमट पाण्याच्या फडक्यानं कास पुसून चांगली चोळा, घाई नको. सिरिंज गोठ्यात दिसू देऊ नका. काही दिवस दूध कमीच येईल, तेवढं सोसा.

प्रतिसाद (प्रसूती विभागात नर्स, बेळगाव)

अक्का, बहिणीला हे वाचून दाखवा. सलाईनमधलं ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं आणि रक्तातून मेंदूत जेमतेम शिरतं. बारा दिवसांपूर्वीच्या सलाईननं तिची माया मोडलेली नाही. माया एका संप्रेरकावर टांगलेली नसते. प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी जोडीनं राहतात. 2023 मध्ये संशोधकांनी ऑक्सिटोसिन पकडणारे ग्राहीच नसलेले व्होल तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्या, पिलं सांभाळली. पिलं वजनाला मात्र कमी भरली.

स्प्रे नको. नाकात ऑक्सिटोसिन मारलं की माणसं जास्त विश्वास ठेवतात, असा 2005 चा एक प्रयोग गाजला होता, पण पुढं तो पुन्हा करून पाहिल्यावर तसं दिसलं नाही. दुधाची भीतीही नको. नऊ अमिनो आम्लांची ती साखळी, पोटात पचून जाते.

मला काळजी भिंतीकडं बघण्याची वाटते. पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, मन कोरडं वाटणं पुष्कळ जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, झोप उडाली असेल, किंवा जिवाचं वाईटवाईट बोलत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. 14416 वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन) चोवीस तास फोन लागतो, भाषा निवडता येते. तिला झोपू द्या. बाळाला कपड्याविना तिच्या छातीवर ठेवा, आणि "अजून कसं वाटत नाही" असं कुणी विचारू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर येऊन गेले, कास ठीक आहे. आज संध्याकाळी सुईविना बसले. आंबोण पुढ्यात, आई मानेखाली खाजवत होती. बऱ्याच वेळानं दोन सडांतून धार आली, अर्धा लिटर भरलं असेल. बहिणीला वरचं सगळं वाचून दाखवलं. सलाईनचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. उद्या सकाळी दवाखान्यात जायला तयार झाली आहे, मी सोबत जाते.