ओटा, कपाटे आणि फ्रिज : कोकणातल्या स्वयंपाकघरांचे अनुभव

नमस्कार मंडळी. रत्नागिरीतल्या आमच्या जुन्या चिरेबंदी घराचे स्वयंपाकघर नुकतेच नव्याने करून घेतले. ओट्याचा दगड आणि कपाटांचा रंग दोन दिवसांत ठरला. फ्रिजच्या जागेने मात्र तीन आठवडे घेतले. ओटा सहसा 24 इंच खोल असतो आणि ग्रॅनाइटची कड इंचभर पुढे येते. मध्यम आकाराचा डबल डोअर फ्रिज दारासकट साधारण 26 ते 28 इंच खोल असतो, आणि मागे हवेसाठी दोन इंच सोडले की तो ओट्याच्या पुढे तीन ते पाच इंच येतोच. छोट्या स्वयंपाकघरात एवढे पुढे आलेले दार येता-जाता कोपराला लागते.

आमच्या नशिबाने त्या भिंतीत जमिनीपासून सुरू होणारे जुने फडताळ होते. त्याच्या फळ्या काढल्या, आतून गिलावा आणि जलरोधक लेप करून घेतला. भिंत बाहेरची असल्यामुळे पावसाळ्यात तिला ओल येते, म्हणून हा लेप आवश्यकच होता. फडताळ सहा इंच खोल असूनही फ्रिज आम्ही शेवटपर्यंत ढकलला नाही. फ्रिजची पेटी ओट्याच्या कडेशी एका रेषेत आणि दार तेवढे पूर्ण बाहेर, असे ठेवले. दारही आत गेले असते तर उघडताना त्याची कड ग्रॅनाइटला घासली असती. फडताळावर मुळातच तुळई होती म्हणून हे जमले; नुसत्या चिऱ्याच्या भिंतीत नवा कोनाडा कोरायला आमच्या गवंड्याने स्पष्ट नकार दिला, आणि मला तो योग्यच वाटतो.

आपापल्या घरचे अनुभव येथे सविस्तर लिहावेत, विशेषतः जे चुकले आणि नंतर दुरुस्त करावे लागले ते.

मालवणहून

आमची चूक मापाची होती. सुतार आला तेव्हा जमिनीलगत 26 इंच जागा मोजली गेली, फ्रिज साडेतेवीस इंच रुंद, म्हणून सगळे निश्चिंत होते. प्रत्यक्षात फरशीच्या स्कर्टिंगने सहा सूत (पाऊण इंच) खाल्ले, आणि भिंत ओळंब्यात नव्हती. छातीच्या उंचीवर तिला चांगले इंचभर पोट होते. फ्रिज कसाबसा बसला, पण त्याची बिजागरी भिंतीच्या बाजूला असल्यामुळे दार काटकोनाच्या पुढे उघडेना. तेवढ्या उघडलेल्या दारातून भाजीचा खालचा ट्रे बाहेर येत नाही. तो अर्धा ओढायचा, एका अंगावर तिरका करायचा आणि मग हात आत घालून शेवग्याच्या शेंगा एकेक करून काढायच्या, असे आम्ही आठ महिने केले. ट्रेचा एक कोपरा त्यातच तडकला.

शेवटी शेजारचे कपाट चार इंचांनी कमी करून घेतले आणि फ्रिज भिंतीपासून तेवढा दूर सरकवला. मधल्या फटीला कपाटांच्याच सनमायकाची उभी फिलर पट्टी लावली आहे. पट्टी पेटीपर्यंतच आहे, दाराच्या आड येत नाही. आता दार पूर्ण वळते आणि फट दिसतही नाही. ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे त्यांनी खाली, मध्ये आणि वर अशी तिन्ही ठिकाणी मापे घ्यावीत, आणि फ्रिजची मापे दार उघडे धरून विचारावीत. काही फ्रिजांची बिजागरी दुसऱ्या बाजूला घेता येते, हेही खरेदीआधीच विचारलेले बरे.

श्रीवर्धनकडून

फ्रिज कपाटात गुंतवल्यासारखा दिसावा म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना बोर्डाच्या उभ्या फळ्या जमिनीपर्यंत आणल्या आणि वर 24 इंच खोल कपाट अगदी टेकवून बसवले. दिसायला ते फार सुरेख होते. मात्र अलीकडच्या बऱ्याच फ्रिजांची उष्णता मागच्या जाळीऐवजी दोन्ही बाजूंच्या पत्र्यातून बाहेर पडते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर थांबेना, बाजूला हात लावला तर चटका बसावा इतका पत्रा तापे. पावसाळ्यात कोंडलेल्या दमट हवेने फळ्या खालून फुगल्या, आतल्या अंगाला काळी बुरशी धरली, आणि समुद्र जवळ असल्यामुळे वरच्या कपाटाच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गंजून कुरकुरू लागल्या.

आता बाजूच्या फळ्यांच्या जागी कडप्प्याच्या उभ्या लाद्या आहेत. कडप्पा फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. आपल्याकडे ओट्याखाली तो पूर्वीपासून वापरतातच, मग फ्रिजशेजारी का नको? दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच आणि डोक्यावर चार इंच मोकळे ठेवले आहेत. वरचे कपाट केवळ 12 इंच खोल करून पुढच्या रेषेत आणले, त्यामुळे समोरून सर्व एकसंध दिसते आणि त्यामागून गरम हवा वर निघून जाते. त्यासाठी आयएस 710 चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेले प्लायवूड घेतले, कापलेल्या सर्व कडा बंद करून घेतल्या आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या.

देवगडहून

थोडक्यात लिहितो. प्लगची जागा फ्रिजच्या थेट मागे ठेवू नका. आमच्याकडे प्लग आणि वायरीच्या जाडीमुळे फ्रिज अडीच इंच पुढे राहिला आणि सगळी रेषा बिघडली. शिवाय पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढायला अख्खा फ्रिज ओढावा लागे. आता प्लग बाजूच्या कपाटात आहे, स्टॅबिलायझरही तेथेच ठेवतो.

चिपळूणहून

वरचे सर्व अनुभव पटले, पण आमची गरज निराळी आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले. त्यात फ्रिज गेला आणि बोर्डाची सर्व कपाटे पाण्यात विरघळल्यासारखी झाली. चार-सहा इंचांचा चौथरा अशा पुरात काहीच वाचवत नाही, म्हणून आम्ही चौथरा केलाच नाही. ओट्याखाली कडप्पा आणि स्टीलच्या जाळ्या आहेत. फ्रिजची जागा जिन्याकडे जाणाऱ्या दाराला लागून ठेवली. पुढे उंबरठा नाही, वर टेकलेले कपाट नाही, फिलर पट्टीसुद्धा दोन स्क्रूंवर निघते, आणि दाराची चौकट फ्रिजपेक्षा तीन इंच रुंद करून घेतली आहे. फ्रिज ओट्याच्या रेषेत नीट बसतो, पाणसळ लावून डावे-उजवे पाय समतल केले आहेत, पुढचे पाय मात्र मागच्यांपेक्षा किंचित उंच आहेत, त्यामुळे दार आपोआप मिटते. मागच्या जुलैत नदीचे पाणी वाढू लागले तेव्हा मुलगा आणि मी मिळून तो रिकामा केला आणि दहा मिनिटांत वरच्या मजल्यावर नेला. पाणी त्या दिवशी घरात आले नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिज खाली आणला, काही तास उभा राहू दिला आणि मगच सुरू केला.