मदत हवी आहे: आत्याला मतदान केंद्रावरून परत पाठवलं, पुढच्या वेळी काय हाताशी ठेवू?

मंडळी, नमस्कार.

प्रश्न माझ्या आत्याचा आहे. वय ७२, गावी वस्तीवर एकटी राहते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला ती सकाळी सातलाच रांगेत उभी होती. हातात घरपोच आलेली मतदार चिठ्ठी आणि केशरी रेशनकार्ड. आत यादीत नाव सापडलं. मग ओळखपत्र मागितलं. तिचं जुनं ओळखपत्र पत्र्याच्या पेटीत होतं. एका पावसाळ्यात घर गळलं, त्यात ते भिजलं. आता फोटोच्या जागी काळा डाग आहे आणि नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे वाचता येतात. आधार पुण्याला लेकीकडे. डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात लागलं होतं, तिथेच राहिलं.

"चिठ्ठी चालत नाही, रेशनकार्डही चालत नाही. दुसरं काही असेल तर घेऊन या," असं सांगून तिला बाजूला केलं. वस्तीपासून शाळा चार किलोमीटर. ती घरी गेली ती परत आलीच नाही. संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "माझ्याच गावात मला विचारलं गं, तू कोण म्हणून." जिच्या हाताखाली अर्ध्या गावातल्या बायका बाळंत झाल्या, तिला हे ऐकावं लागलं. मला अजून ते सुटत नाही.

आता अडचणी सांगते.

यादीत तिचं नाव 'सकुंतला' आहे, आधारवर 'शकुंतला', बँकेत 'शकुंतलाबाई'. यादीत नवऱ्याच्या नावातही एक अक्षर कमी आहे. असं असताना ओळख धरतात का?

दुसरं म्हणजे, ऑपरेशननंतर ती पाच महिने लेकीकडे होती. त्या काळात बीएलओ (घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या) येऊन गेल्या, घराला कुलूप. शेजारचं कुणीतरी म्हणालं, त्या आता इथं राहत नाहीत. तेवढ्यावर नाव उडवतात का?

आणि गावातला सेतूवाला म्हणतो की सरळ फॉर्म ६ भरून नवीन नोंदणी करा, कटकट नको. करू का?

मी स्वतः शहरात आहे, सुट्टी काढून दोनच दिवस गावी जाता येईल. त्या दोन दिवसांत जे होईल ते पक्कं करून यायचं आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद: निवृत्त_गुरुजी

ताई, मी सात निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतो म्हणून लिहितो. वाचून वाईट वाटलं, कारण तुमच्या आत्याबाईंकडे चालणारा कागद बहुधा घरातच होता. श्रावणबाळचे पैसे येतात ना त्यांना? ते पासबुक फोटोचं आहे का बघा. बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक चालतं. लोकसभा २०२४ ला मतदार ओळखपत्र नसेल तर १२ पर्यायी कागद मान्य होते. खेड्यात उपयोगी पडणारे म्हणजे आधार, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटोचं पासबुक, पॅन, लायसन्स, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड. रेशनकार्ड त्यात नाही. एकट्या चिठ्ठीवर २०१९ पासून मतदान करू देत नाहीत. चिठ्ठीवर तसं छापलेलं असतं, पण ते अक्षर आत्याबाईंच्या वयाला वाचता येईल असं नसतं आणि घरी देणारा ते तोंडी सांगतोच असं नाही. माझ्या केंद्रावर दर वेळी पाच-दहा म्हातारी माणसं नुसती चिठ्ठी घेऊन यायची. मी त्यांना बाकावर बसवून घरच्यांना निरोप धाडायचो.

'स' आणि 'श' ची काळजी करू नका. ओळख पटत असेल तर नावातल्या बारीक चुका आणि छपाईच्या चुका सोडून द्यायच्या, अशाच सूचना आम्हाला असतात. फोटो जुळत नसेल तर मात्र दुसरा कागद लागतो. त्या डाग पडलेल्या कार्डाच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद: मनीषा_क

फॉर्म ६ अजिबात भरू नका! तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे. आत्यांचं नाव यादीत आहे, म्हणजे दोन नोंदी होतील आणि पुढे दुबार म्हणून भलतीच नोंद उडेल. माझ्या बाबतीत हेच झालं. लग्नानंतर सासरी फॉर्म ६ भरला, माहेरची नोंद तशीच राहिली, आणि निस्तरायला दोन वर्षं गेली. नावातली दुरुस्ती, पत्ता बदलणं, खराब झालेल्या ओळखपत्राच्या जागी नवं मागणं, हे सगळं २०२२ पासून फॉर्म ८ मध्येच आहे. बीएलओकडे कागदावर देता येतो किंवा आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरता येतो. पोचपावतीचा नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नंबर वाचता येत नसला तरी नाव आणि मतदारसंघ घालून पोर्टलवर शोधता येतो. 'सकुंतला' असंच शोधा, बरोबर लिहिलंत तर सापडणार नाही.

प्रतिसाद: कोर्टाची_पायरी

कुलपाच्या प्रश्नावर लिहितो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २० स्पष्ट आहे: माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. दवाखान्यासाठी पाच महिने लेकीकडे राहणं हे त्यातच बसतं. 'इथे राहत नाही' म्हणून नाव काढायचं असेल तर कलम २२ नुसार त्या व्यक्तीला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस बंद दारावर चिकटवली गेली तर ती आत्यांना कळणार कशी, ही खरी मेख आहे. म्हणून शेजाऱ्यांकडे तुमचा मोबाईल नंबर ठेवा. नाव उडालंच तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील १५ दिवसांत करायचं, त्यापुढे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

आणि केंद्रावर 'गैरहजर, स्थलांतरित, मयत' यादीत नाव निघालं तरी मतदानाचा हक्क जात नाही. केंद्राध्यक्ष कागद नीट तपासतात, सहीबरोबर अंगठा घेतात आणि मत देऊ देतात. त्या यादीत आहे म्हणून कुणी हाकललं तर आत्यांनी तिथून उठू नये.

प्रतिसाद: सह्याद्री७५

सगळ्यांची सहानुभूती समजते, पण ओळखपत्राची सक्ती नसेल तर बोगस मतदानाला मोकळं रान मिळेल. माझ्या वडिलांचं मत एकदा दुसऱ्यानेच देऊन टाकलं होतं. अशा वेळी काय वाटतं तेही बघा.

धागाकर्ती:

सह्याद्री, तुमच्या वडिलांचं दुःख आणि माझ्या आत्याचं दुःख एकच आहे. दोघांचं मत गेलं. ओळख तपासू नये असं मी म्हणतच नाही. पण आत्याच्या केंद्रावर आत बसलेल्या उमेदवारांच्या तीन प्रतिनिधींपैकी दोघे तिच्या शेजारचे होते. ती कोण आहे याबद्दल त्या खोलीत कुणालाच शंका नव्हती, कागद तेवढा नव्हता. नियम करायचा तर कोणता कागद चालतो हे चार दिवस आधी दवंडी पिटून सांगा, आणि घरी जाऊन यायला गाडी नसलेल्या बाईचा विचार करा. सकाळी नऊला परत पाठवलेला तरुण मोटारसायकलवर वीस मिनिटांत कागद घेऊन येतो. म्हातारी येत नाही.

प्रतिसाद: निवृत्त_गुरुजी

सह्याद्री, तुमच्या वडिलांसाठी तेव्हाही सोय होती. आपल्या नावावर कुणी आधीच मत दिलं असेल तर ओळख पटवून टेंडर व्होट मागता येतं. ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर होतं आणि वेगळ्या पाकिटात जातं. आणि समोरचा माणूस तोतया आहे असं प्रतिनिधीला वाटलं तर दोन रुपये भरून तो आक्षेप घेऊ शकतो. तुमच्या आत्याबाईंवर असा आक्षेप कुणी घेतलाच नव्हता, ताई. हे लक्षात घेण्यासारखं आहे.

धागाकर्ती (अद्ययावत):

काल गावाहून आले. गुरुजींचं खरं निघालं. पासबुक पेटीतच होतं, फोटो चिकटवलेला, पण त्यावर बँकेचा शिक्का नव्हता. शाखेत जाऊन शिक्का मारून घेतला. अंगणवाडीच्या ताईच बीएलओ आहेत, त्यांच्याकडे नावाच्या दुरुस्तीचा फॉर्म ८ दिला, पोचपावती घेतली. आत्या पाच महिने कुठे होती तेही त्यांना समोरच सांगितलं. आधार लेकीने कुरियरने पाठवलंय. आत्या आधी म्हणत होती, आता नको जायला. शिक्का मारलेलं पासबुक हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "आता मतदान कधी आहे?"

तिच्याबरोबर वस्तीवरच्या आणखी सहा बायका पासबुकं घेऊन आल्या होत्या. चौघींच्या पासबुकावर फोटोच नाही. जॉबकार्ड आहेत, पण त्यांवरचे फोटो पार फिके. गुरुजी, अशा फोटोवर केंद्रावर अडवतात का?

प्रतिसाद: निवृत्त_गुरुजी

चेहरा ओळखू येत नसेल तर अडवू शकतात. चौघींचंही आधार असेल तर तेच मूळ कार्ड न्यायला सांगा, झेरॉक्स नको. आणि पासबुकावर फोटो लावायचा अर्ज बँकेत आत्ताच द्या, निवडणूक लागली की शाखेत उभं राहायला जागा मिळत नाही.