सहिष्णुता ठीक, पण नेत्यांच्या संयमाचं काय?
वर एकांनी लिहिलंय की शाळेत सहिष्णुता शिकवली की वांशिक तेढ आपोआप ओसरेल. मला अर्धंच पटलं. शेजारी शेजाऱ्याशी एरवी नीटच वागतो. काडी टाकली जाते ती बहुधा मतांसाठी.

श्रीलंका घ्या. १९५६ साली बंडारनायके 'फक्त सिंहली' (म्हणजे बहुसंख्याकांची सिंहली हीच एकमेव राजभाषा) या घोषणेवर निवडून येऊन पंतप्रधान झाले आणि तसा कायदाही केला. पुढच्याच वर्षी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून त्यांनी थोडं मागे यायचा प्रयत्न केला, तर विरोधी पक्षाचे जयवर्धने त्याविरुद्ध कँडीकडे मोर्चा घेऊन निघाले! भिक्षूंच्या दबावाखाली १९५८ मध्ये करार मोडला, त्याच वर्षी दंगली उसळल्या. १९५९ मध्ये एका भिक्षूनेच बंडारनायकेंना गोळ्या घातल्या.

याउलट सिंगापूरने १९८८ पासून गट मतदारसंघ आणले, म्हणजे एका मतदारसंघातून एका पक्षाच्या उमेदवारांचा अख्खा चमू एकत्र निवडून येतो. तिथे प्रत्येक पक्षाच्या चमूत किमान एक अल्पसंख्याक उमेदवार सक्तीचा. यात सत्ताधाऱ्यांची सोय झाली हा आक्षेप मलाही मान्य आहे, पण एकाच समाजाला चिथावून मतं मागणं तिथे अंगाशी येऊ शकतं.